वॉरंटीचं सोवळं

सोवळं आमच्या घरातून आजीबरोबर गेलं. नवी गाडी घेतली तेव्हा ते परत आलं, पण देवघरात न जाता थेट बॉनेटखाली जाऊन बसलं. शोरूममधल्या पोराने किल्ली हातात देतानाच बजावलं, "सर, ऑइल बाहेरचं टाकू नका हं. वॉरंटी जाते." आजी 'बाहेरचं' हा शब्द हातगाडीवरच्या भज्यांसाठी ज्या सुरात उच्चारायची, अगदी तोच सूर. गाडीला अजून हारसुद्धा घातला नव्हता आणि ती विटाळण्याची तयारी आधीच सुरू झाली होती.

तेलाबद्दल मत नसलेला पुरुष मी तरी पाहिलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या नानांनी प्रीमियर पद्मिनीत हयात घालवली. त्यांची श्रद्धा २०डब्ल्यू-५० वर. माझ्या पुस्तिकेतलं ०डब्ल्यू-२० वाचून ते म्हणाले, "अरे, हे तेल आहे की तीर्थ? आणि पुण्यात काय बर्फ पडतो, की थंडीचा आकडा शून्य हवा?" आमचा मिस्त्रीही त्याच पंथाचा. "साहेब, जाड ऑइल टाकू. इंजिन शांत होतं."

शांत होतंही, पण कानाला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, नंतरचा १०० अंश तापमानावरच्या दाटपणाचा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना तेल त्या १०० अंशांच्या मानाने दाटच असतं, मग गाव पुणे असो की नागपूर. ते वरपर्यंत पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. नव्या इंजिनांतल्या फटी बारीक असतात, अनेकांत व्हॉल्व्हच्या वेळाही तेलाच्या दाबावरच बदलतात. पद्मिनीला जे पचलं ते हिला पचत नाही. शिवाय पातळ तेलाने ॲव्हरेज थोडं सुधारतं. हे नानांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पेट्रोल वाचवून काय करायचं, इंजिन गेल्यावर?" यावर उत्तर नाही, कारण हा प्रश्नच नाही.

मग निवाडा कुणाचा? डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या त्या पुस्तिकेचा. ती कुणी उघडत नाही, म्हणून तर एवढ्या पोराच्या शब्दावर आपण घाबरतो. तिच्यात ग्रेड दिलेली असते आणि दर्जा दिलेला असतो: एपीआय एसएन, एसपी वगैरे. एसच्या पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितका दर्जा नवा. एसपी २०२० साली आला, आणि एसएन मागितलं असेल तिथे तो चालतो. ब्रँडचं नाव असलंच तर बहुतेक वेळा शिफारस म्हणून असतं. आणि गंमत म्हणजे कंपनीच्या 'जेन्युइन' डब्यातलं तेलसुद्धा सहसा कुठल्या तरी तेल कंपनीनेच बनवलेलं असतं. म्हणजे सोवळं ते लेबलाचं.

अमेरिकेत १९७५ पासून एक कायदा आहे, मॅग्नसन-मॉस. त्याचा साधारण अर्थ असा, की वॉरंटी टिकवायला आमचंच तेल वापरा असं म्हणायचं असेल तर ते फुकट द्या. नाहीतर खास परवानगी काढा. आपल्याकडेही 'फ्री सर्व्हिसिंग' असतं म्हणा. त्यात मजुरी फुकट. तेल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर यांचे पैसे पडतात. बिल पाहिल्यावर फुकट नेमकं काय होतं, तर वेटिंग रूममधला चहा.

आपला भारतीय स्पर्धा आयोगही मागे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी त्याने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. मूळ तक्रार सुट्या भागांची होती, पण आदेशात वॉरंटीही आली: गाडी बाहेरच्या गॅरेजात गेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका; तिथल्या सदोष कामामुळे जेवढं बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारा. कंपन्या अपिलात गेल्या, ते रीतसरच. पण तत्त्व मला पटतं. बाहेरच्या तेलाने पॉवर विंडो बिघडत नाही.

आता कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे, कारण आपल्यात महाभाग कमी नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी बीएस-६ डिझेल गाडीत शेतावरच्या ट्रॅक्टरचं उरलेलं तेल ओतलं. "डिझेल ते डिझेल!" अशा गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं तेल लागतं, नाहीतर तो राखेने चोंदतो. यांचा चोंदला. गृहस्थ शोरूमवर मोर्चा न्यायच्या गोष्टी करत होते. दुसरे एकजण 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' यातलं 'जे नंतर होईल ते' पाळतात. त्यांच्या इंजिनात तेलाचं डांबर झालं तर ती वॉरंटी कुणी द्यावी? वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, आपल्या आळसाची नाही.

(तेल काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नका. तेलातली द्रव्यं इंजिनातली काजळी स्वतःत ओढून घेतात, म्हणून ते काळं होतं. नाना डिपस्टिक पुसून नाक मुरडतात, तो भाग वेगळा.)

तेव्हा तेल कुठलंही घ्या, ग्रेड आणि दर्जा पुस्तिकेतला हवा. ओळखीच्या दुकानातून सीलबंद डबा घ्या, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच तो भंगारात द्या, नाहीतर तोच डबा नकली तेल पोटात घेऊन परत बाजारात येतो. मिस्त्रीकडून तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. तो म्हणेल, "साहेब, आपल्यात कसली पावती?" तरी घ्या. शोरूमने हात वर केले तर वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी मागा. बहुतेक वेळा 'लेखी' म्हटलं की आवाज खाली येतो. नाहीच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि दुकानातलं बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेलं असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढा. वॉरंटी संपायच्या कितीतरी आधी त्यावरची अक्षरं उडतात.