अकरावीतून परत दहावीत

"काकू, डीटीपीवाल्या भाऊंच्या पोराला अकरावीतून काढून परत दहावीत बसवलं म्हणे. खरं का हो?"

काकू जास्वंदीच्या बुडाशी माती उकरत होत्या. खुरपं हातात तसंच धरून त्या भिंतीपाशी आल्या.

"कोण म्हणालं?"

"दूधवाला. त्याला पेपरवाल्याने सांगितलं."

"तरीच. अगं, पोरगं आहे तिथंच आहे. कॉम्प्युटर आणला त्यांनी परत. विंडोज अकरावरून दहावर. मी स्वतः होते तिथे."

आता मला घरात जाणं शक्यच नव्हतं. गॅसवर काही नव्हतं, ते एक बरं. काकूंचा उभा जन्म बँकेच्या काउंटरवर गेलेला. निवृत्त झाल्यापासून आमच्या कॉलनीत कुणाचं नेट बँकिंग अडलं, कुणाचा प्रिंटर रुसला, की पहिली हाक त्यांनाच.

"म्हणून दुकानाचं शटर अर्धं होतं होय! लोकांनी काय काय उठवलं. कुणी म्हणे कर्जाचा हप्ता थकला, कुणी म्हणे वहिनी माहेरी निघून गेल्या."

"माहेर आडवं आलं हे खरं, पण उलट्या बाजूने. भाऊबिजेला वहिनींचा भाऊ आला होता ना, त्याच्याबरोबर त्याचा मुलगा. हिंजवडीला असतो तो. फराळाची ताटली घेऊन दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, 'काका, हे अजून दहावरच? याचा सपोर्ट संपला की!' झालं. एका हातात चकली, एका हातात माउस. ताटली रिकामी होईपर्यंत डाउनलोड सुरूसुद्धा झालं होतं."

"पण सपोर्ट संपला, हे काही खोटं नाही."

"खोटं कुठं म्हणते मी? १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मायक्रोसॉफ्टने कधीचीच जाहीर केलेली होती. दिवाळीच्या तोंडावर नेमकी आली, एवढंच. आणि भाऊंचं मशीन तसं नवं, म्हणून त्याला अकरा चढलं. तुझ्या ह्यांच्या लॅपटॉपला टीपीएम २.० ची चिप नाही, म्हणून तो वाचला."

"हो ना, 'तुमचा पीसी पात्र नाही' असा मेसेज येतो. हे नाराज झाले होते."

"पेढे वाट म्हणावं."

काकूंनी खुरपं भिंतीवर ठेवलं. म्हणजे गोष्ट लांबणार होती.

"भाचा रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. सकाळी भाऊंनी दुकान उघडलं तर बाकावर मिरजेची पार्टी येऊन बसलेली. मुलीचे काका. तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच मुहूर्ताचं लग्न, त्याच्या पत्रिका. भाऊंचा हात सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला. स्टार्टचं बटण सरकून मधे आलेलं. ते चालतं गं, सेटिंगमधून पुन्हा डावीकडे नेता येतं. मग राइट क्लिक केलं, तर रोजची अर्धी नावं गायब. 'आणखी पर्याय' म्हटलं की मग जुनी यादी उघडते. तेही त्यांनी चालवून घेतलं. पण मराठीचं सॉफ्टवेअर काही उघडेना."

"का?"

"त्याला डोंगल असतं. यूएसबीत लावायची ती पेराएवढी किल्ली. ती मशीनला दिसली तरच सॉफ्टवेअर उघडतं. तिचा ड्रायव्हर आदम जमान्यातला, अकराने त्याला ओळखच दाखवली नाही. भाऊंनी त्या कंपनीला फोन लावला. उत्तर काय, तर नवी आवृत्ती घ्या, पैसे भरून."

"मग दुसरीकडे करून आणायचं."

"तेच केलं. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. मुलीचे काका बरोबर. फाइल उघडली, तर वर गणपती जागच्या जागी आणि खाली सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. आपण मोबाइलवर लिहितो ते मराठी युनिकोडचं, कुठंही उघडलं तरी मराठीच दिसतं. भाऊंच्या पत्रिका त्याच्या आधीच्या फॉन्टमधल्या. पडद्यावर 'श्री' दिसतो, पण आत साठवलेला असतो इंग्रजी अक्षराचा कोड. तोच फॉन्ट त्या मशीनवर असेल तर श्री, नसेल तर कंस. मुलीच्या आजोबांच्या नावाच्या जागी तर नुसती उद्गारचिन्हं. काका म्हणाले, 'आमच्या आप्पांच्या नावामागं कै. लागतं हे खरं, पण म्हणून नाव एवढंही पुसायचं नाही.'"

मी हसले ते समोरच्या गॅलरीत ऐकू गेलं असावं. तिथला पडदा हलला.

"हळू. त्या आल्या की उद्या पोरगं नववीत जाईल," काकू म्हणाल्या. "मग घरात जुंपली. भाऊ म्हणतात, तुमचा भाचा. वहिनी म्हणतात, माझ्या भावाच्या पोराला बोलायचं काम नाही, त्याने चांगल्यासाठीच केलं. शेवटी भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. मीटिंग संपल्यावर म्हणतो कसा, 'काका, दोन दिवसांत सवय होईल.'"

"बाकावरच्या काकांना सांगायचं होतं ते."

"तेच म्हणते मी! बदल करणारा करतो आणि रात्रीच्या गाडीने निघून जातो. त्या मशीनपुढे दिवसभर बसायचं कुणी? भाऊंनी. मग मशीनमध्ये काय ठेवायचं ते ठरवायचंही भाऊंनीच. आमच्या बँकेत हेच बघितलं. वरून सर्क्युलर यायचं, रविवारी मशीन बदलायची, सोमवारी काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग. बदल ठरवणारा त्या रांगेत कधी दिसला नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी विचारलं, अपग्रेड कधी केलंत? भाऊबीज, म्हणाले. म्हटलं मग घाबरू नका, दहा दिवसांच्या आत आहात. अकरा घातल्यापासून दहा दिवस जुनं विंडोज त्याच मशीनमध्ये जपून ठेवलेलं असतं, विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये. २०१५ साली दहा आलं तेव्हा महिनाभराची सवलत होती, पुढच्या वर्षी ती दहा दिवसांवर आणली. एक कमांड देऊन ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती मुदत संपायच्या आधी द्यावी लागते. आणि ते फोल्डर चांगलंच जागा खातं. डिस्क क्लीनअपमध्ये त्याच्यावर टिक केली की परतीची वाट बंद. भाचा फोनवर नेमकं तेच सांगत होता, 'काका, जागा कमी पडत असेल, आधीचं विंडोज उडवून टाका.' मी फोन घेतला आणि म्हटलं, बाळा, तू आधी जेवून घे."

"मग?"

"सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि तिथं 'गो बॅक'. दाबलं की आधी विचारतं, का जाताय? कारणांची यादीच देतं. भाऊ एकेक वाचत बसले. 'आधीचं सोपं वाटत होतं' असंही एक कारण आहे त्यात. त्याच्यावर रेंगाळले. म्हटलं, भावना नकोत, 'प्रोग्रॅम किंवा उपकरणं चालत नाहीत' त्याच्यावर टिक करा. पुढे सांगतं, अपग्रेडनंतर घातलेले प्रोग्रॅम जातील. तुमच्या फाइली राहतात, पण शहाण्याने आधी त्यांची प्रत बाहेर काढून ठेवावी. ती मी काढायला लावली. आणि मग शेवटचा इशारा, जुना पासवर्ड आठवतोय ना? नाहीतर आत येता येणार नाही."

"आठवत होता?"

"कसला! भाच्याने चार आकड्यांचा पिन करून दिलेला. भाऊ कपाळाला हात लावून बसले. इतका वेळ वहिनी दारात उभ्या होत्या, गप्प. त्या आत गेल्या, फडताळात अंथरलेलं जुनं कालनिर्णय डब्यांखालून ओढून काढलं आणि भाऊंच्या पुढ्यात टाकलं. मागच्या बाजूला गॅसचं सिलिंडर लावल्याच्या तारखा आणि त्यांच्या खाली, तेलाच्या डागात, पासवर्ड! भाऊंच्या अक्षरात. त्या क्षणी भांडण मिटलं बघ."

"आणि आलं परत दहा?"

"आलं की. पडदा काळा झाला, टक्के सरकायला लागले, बाकावरच्या काकांचं दुसरं पान संपलं. मग जुना पडदा, जुनं डावं बटण. डोंगलचा दिवा लागला. भाऊंनी फाइल उघडली आणि 'चि. सौ. कां.' दिसलं तेव्हा त्यांनी देवाच्या फोटोकडे बघून हात जोडले. भाच्याने घातलेला गेम तेवढा गेला. त्याचं कुणी सुतक धरलं नाही."

"आता भाचा म्हणेल, काका मागासलेले."

"म्हणू दे. मागे फिरणारे भाऊ पहिले नाहीत. विंडोज व्हिस्टा आलं २००७ मध्ये, तेव्हा लोक दुकानात जाऊन आधीचं एक्सपीच मागायचे. व्हिस्टाच्या वरच्या आवृत्त्यांच्या लायसन्समध्येच एक्सपीवर परत जायची मुभा होती, लॅपटॉपबरोबर एक्सपीची सीडी मिळायची. मग २०१२ मध्ये आठ आलं, त्यात स्टार्टचं बटणच काढून टाकलं. जगभर ओरड झाली. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ मध्ये दहात अख्खा स्टार्ट मेनू. म्हणजे बनवणाऱ्यालाच पावलं मागे घ्यावी लागली. त्याला कुणी मागासलेला म्हणालं?"

"म्हणजे जुनंच बरं, असंच ना?"

काकूंनी पदराने हात पुसले. हे त्या वादाला बसताना करतात.

"तसं म्हटलं असतं तर मला बँकेने पेन्शन दिली नसती. नीट ऐक. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. सोसायटीचा वॉचमन काढून टाकल्यावर जे होतं ते होतं. घर तेच, कुलूप तेच, पण भिंतीला भगदाड पडलं तर सांगणारं कुणी नाही. आमच्या एटीएममध्येच बघ ना. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला आणि एटीएम चालूच होती एक्सपीवर. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले, की जून २०१९ पर्यंत एकही एटीएम असल्या जुन्या विंडोजवर दिसता कामा नये. उगाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना अपॉइंटमेंटा रद्द कराव्या लागल्या. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच निघालेला होता, तो ज्यांनी लावला नव्हता ते सापडले. मायक्रोसॉफ्टला तेव्हा बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला."

"मग भाऊंना परत दहावर आणलंत ते चूकच की!"

"मुहूर्त तोंडावर असताना दुसरं काय करायचं? पण आणलं आणि सोडून दिलं, असं नाही. दहाला आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नोंदणी करावी लागते. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, मग फुकट. ती नोंदणी मी तिथंच बसून करून घेतली. आणि भाऊंना बजावलंय, या मशीनवर बँक नाही, व्हॉट्सॲप नाही, गिऱ्हाइकाचे मेल नाहीत. अपडेट घेण्यापुरतं नेट, काम करताना केबल काढून ठेवायची. बिलं आणि मेल वहिनींच्या लॅपटॉपवर. लगीनसराई संपली की पत्रिकांचे नमुने एकेक करून युनिकोडमध्ये आणायचे, म्हणजे डोंगलची मिजास संपली. त्यानंतर भाऊंना वाटेल तेव्हा अकरा. भाच्याला वाटेल तेव्हा नाही."

"भाचा रागावला असेल."

"भाच्याला ते काम मीच दिलं. म्हटलं, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर असतात, भाऊंच्या फॉन्टला कुठला लागू पडतो ते शोध. आणि बदललेली जोडाक्षरं काकांशेजारी बसून तपास. ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय. वहिनींनी सांगून ठेवलंय, मुक्कामाला ये."

समोरच्या गॅलरीतल्या पडद्यामागून आता चक्क चष्मा दिसायला लागला होता. मी आवाज खाली आणला.

"काकू, नणंदेचं जमलंय, पुढच्या महिन्यात साखरपुडा. कुणाला बोलू नका एवढ्यात. पत्रिका भाऊंकडे टाकू ना?"

"टाक की, त्यांच्यासारखं 'ळ'चं वळण कुणाकडे नाही गावात. फक्त मजकूर कागदावर लिहून ने, सुवाच्य अक्षरात."

"ह्यांनी पेनड्राइव्हवर टाइप करून ठेवलाय."

"तुझ्या ह्यांचा पेनड्राइव्ह? जो त्या झेरॉक्सवाल्याकडे, ऑफिसात आणि पोराच्या शाळेत फिरतो तो?" काकूंनी खुरपं उचललं. "भाऊंच्या दुकानाच्या पायरीवर जरी दिसला ना, तर साखरपुड्याची बातमी मीच त्या गॅलरीत सांगून येईन."