मेफिस्टोसाहेब, ते लग्न कुठे ठेवलंत?

श्री. मेफिस्टोसाहेब,
मु. पो. नरक (मार्व्हल कॉमिक्सची हद्द)

स. न. वि. वि.

सैतानाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मायना काय लिहावा यातच पंधरा मिनिटं गेली. वयाने तुम्ही थोर. १९६८ साली ‘सिल्व्हर सर्फर’च्या तिसऱ्या अंकात तुम्ही अवतरलात, तेव्हा माझा पत्ताही नव्हता. शेवटी बँकेच्या मॅनेजरला लिहितात तसं लिहिलं. विषय: आपला २००७ सालचा व्यवहार.

निमित्त घडलं गेल्या रविवारी. माझी बारा वर्षांची मुलगी स्पायडरमॅनचे दोन अंक मांडीवर घेऊन बसली होती, एक ‘अल्टिमेट’चा, एक ‘अमेझिंग’चा. एकात पीटर पार्करला दाढी, बायको, दोन मुलं. दुसऱ्यात सडाफटिंग. ती म्हणाली, “बाबा, ह्याचं लग्न झालंय की नाही, एकदा काय ते सांग.” झालं होतं, म्हटलं. “मग घटस्फोट?” नाही. “बायको वारली?” नाही गं. “मग?” मग मला तुमचं नाव घ्यावं लागलं. ‘सैतानाने लग्न नेलं’ हे पोरीला समजावताना बापाचं तोंड कसं होतं, ते तुम्ही बघायला हवं होतं. खूश झाला असतात.

बरं, ते लग्न काही रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदारांसमोर उरकलेलं नव्हतं. जून १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, बेसबॉलच्या सामन्याआधी, पीटर आणि मेरी जेनचा वेश केलेल्या नटांना उभं करून ते जाहीर लावलं गेलं. भटजीच्या जागी खुद्द स्टॅन ली! पुढे वीस वर्षं संसार झाला. आणि मग ‘वन मोअर डे’. पीटरच्या मे काकूंना गोळी लागलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि तुम्ही हजर. काकूंचा जीव परत घ्या, लग्न द्या. काडीमोडही नाही, लग्न मुळात झालंच नव्हतं, असं.

मे काकूंबद्दल मला आदर आहे. पण त्या एकदा गेल्या होत्या, साहेब! १९९५ साली, ‘अमेझिंग’च्या चारशेव्या अंकात, इतक्या समाधानाने गेल्या की वाचणाऱ्याने अंक मिटून हात जोडावेत. तीन वर्षांनी उलगडा झाला, की गेली ती काकू नव्हेच, काकूंचं सोंग घेतलेली नटी. म्हणजे १९९८ साली ज्या बाईला परत आणायला एक नटी पुरली, तिच्यासाठी २००७ मध्ये सैतान लागला. महागाई म्हणतात ती हीच.

आता जरा मनातलं बोलतो. ‘वन मोअर डे’ मी परवा पुन्हा काढून वाचलं आणि मला तुमची दया आली. चित्रं कुणाची, तर जो केसाडांची. तेच तेव्हा मार्व्हलचे प्रमुख संपादक. लग्न झालेला पीटर पोक्त वाटतो, घटस्फोट घेतलेला तर त्याहून पोक्त, हे त्यांचं म्हणणं उघड होतं. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांना शेवटच्या अंकांवरून स्वतःचं नाव काढून टाकायचं होतं. लेखकाला नाव नको, संपादकाला घटस्फोट नको. राहिलं कोण सही करायला? आमच्या सोसायटीत पाणी बंद करायचं असलं की सेक्रेटरी वॉचमनला घरोघर निरोप घेऊन पाठवतो. शिव्या वॉचमन खातो. तुम्ही ते वॉचमन, साहेब. २००७ पासून दारोदार उभे आहात आणि आम्ही दार उघडून तुमच्यावरच ओरडतोय.

पोक्त म्हणे! अहो, तो पोक्त होत होता म्हणून तर आमचा होता. १९६२ साली पंधरा वर्षांचा चष्मिष पोरगा, १९६५ मध्ये शाळा सुटली, १९७८ मध्ये पदवीची वेळ आली तर पी.टी.चा एक विषय राहिला म्हणून तीही लटकली. भाडं थकायचं, काकूंची औषधं आणायची, रात्री भिंती चढायच्या. हा माणूस लग्न केल्यावर कंटाळवाणा होईल असं ज्याला वाटलं, त्याने कधी महिनाअखेर संसार केलेला नाही! आमचा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ बघा. मुखवटा, कवटीची गुहा, चारशे वर्षांचा वारसा, सगळं सांभाळून १९७७ साली ली फॉकने त्याचं डायनाशी लग्न लावलं, पुढे जुळी झाली. इंद्रजाल वाचणारं एकही पोर ‘वेताळ म्हातारा झाला’ म्हणून रडलेलं मी पाहिलं नाही.

तुमच्या व्यवहारानंतर काय झालं, तेही ऐका. लेखक निक स्पेन्सर यांनी २०१८ मध्ये पीटर आणि मेरी जेनला पुन्हा जवळ आणलं, तुम्हालाही बोलावलं, तीन वर्षं आम्हाला झुलवलं आणि लग्न होतं तिथेच ठेवून गेले. मग आला पॉल. पॉल कोण, हे मुलीला सांगायचं मी टाळलंय. मेरी जेन दुसऱ्या मितीत अडकली, तिथे तिचा संसार मांडला तो पॉलबरोबर, दोन मुलांसकट. आणि २०२३ मध्ये ती मुलंही खरी नव्हती, जादूची होती, असं सांगून पुसून टाकली! त्याच झटापटीत कमला खान या दुसऱ्याच नायिकेला मारलं, तेही मेरी जेनचं रूप घेतलेलं असताना, दुसऱ्याच्या मासिकात. दोन महिन्यांत तिला जिवंतही केलं. मग एप्रिल २०२५ मध्ये ‘अमेझिंग’चा पुन्हा ‘अंक पहिला’. कोपऱ्यात बारीक अक्षरात ९६५. दोन्ही खरे.

आणि ह्या सगळ्यात संसारी पीटरला एक जागा होती. जानेवारी २०२४ पासून लेखक हिकमन आणि चित्रकार चेकेत्तो यांच्या ‘अल्टिमेट’मध्ये पीटर बाप होता. लेकीला काळ्या पोशाखाची भीती वाटते म्हणून त्याचा रंग बदलणारा बाप. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला; म्हणजे पोक्त पीटर खपत नाही, हेही खोटं. ते विश्व आता आवरतं घेतलंय. सुरुवातीपासून तसंच ठरलं होतं म्हणतात. असेल. यात तुमचा हात नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला लिहितोय. तुम्ही निदान समोर येऊन मागितलं होतंत.

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पण त्याने ते लग्न नेऊन केलं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला बायको नाही, सासुरवाडी नाही, ते वापरायचं कुठे हाही प्रश्नच. रुखवतातल्या भांड्यांसारखं माळ्यावर पडलं असेल, तर पुसून ठेवा. न्यायला मी येतो. रिक्षाचं भाडं माझ्याकडे.

आपला नम्र,
एक विवाहित वाचक