हे पीस आलं कुठून?

सॅमन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडूनच देतो. अशा माशाला गळाला लावायला एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश शौकिनांनी काय काय वापरलं? तुकान, मकाव, शहामृग, मोर आणि आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. 'जॉक स्कॉट' नावाच्या एकाच कृत्रिम माशीत ही सगळी पिसं.

माशाने यातलं काहीही मागितलं नव्हतं.

हा छंद आजही जोरात आहे. गळ व्हाइसमध्ये आवळायचा, त्यावर रेशमी दोऱ्याने पिसं, केस, जर बांधायची. झाली 'फ्लाय'. पण चार पिसं लागणार असली तरी कोंबड्याच्या मानेची अख्खी कातडी घ्यावी लागते. मग अर्धी मित्राला द्यायची, बदल्यात त्याच्याकडचे सशाचे केस घ्यायचे. नवख्याला पहिलं सामान कुणीतरी जुना माणूसच देतो, पैसे न घेता. यात वाईट काय?

काहीच नाही. कोंबडा कुठला, हे माहीत असेपर्यंत.

2011 मध्ये अमेरिकेत केसांत लांब कोंबडपिसं गुंफायची फॅशन आली. सलूनवाल्यांनी मासेमारीच्या सामानाची दुकानं धुंडाळली, भाव कित्येक पटींनी चढले. ही पिसं खास पैदाशीच्या कोंबड्यांची. कोलोरॅडोतल्या व्हायटिंग फार्म्ससारख्या ठिकाणी ते याच कामासाठी वाढवतात, आणि फॅशन आली म्हणून कोंबडा लवकर वाढत नाही. अशा टंचाईत आपल्या साठ्यातलं मित्राला काढून देणं, हे खरं वाटून घेणं. त्यात कुणाला काही लपवावं लागत नाही.

लपवावं लागलं ते दुसऱ्याच पिसांच्या बाबतीत.

जून 2009. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एडविन रिस्ट हा अमेरिकन तरुण ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये रात्री खिडकी फोडून शिरला. बाहेर पडला तेव्हा सुटकेसमध्ये 299 पक्षी होते. तो स्वतः नावाजलेला फ्लाय बांधणारा. काय उचलायचं हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

संग्रहालयाला चोरी कळायला महिना लागला.

त्या पक्ष्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय द्वीपसमूहात जमवलेलेही होते. वॉलेस म्हणजे डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा माणूस. अशा संग्रहातल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असते: कुठे मिळाला, कधी, कुणाला. दीडशे वर्षांपूर्वी त्या बेटावर काय होतं, याचा तो पुरावा. चिठ्ठी तुटली की संशोधकाच्या हाती रंगीत कातडं उरतं.

आणि चिठ्ठ्या तुटल्याच.

पोलिसांना अखंड पक्षी मिळाले 174. त्यांतले चिठ्ठीसकट फक्त 102. उरलेल्यांतले बरेचसे पिसापिसाने विकले गेले होते. गिऱ्हाईक कोण? याच छंदातली जाणकार मंडळी. कुठलं पीस दुर्मीळ, हे त्यांना डोळे मिटून कळतं. मग ते विशीतल्या पोराकडे ढिगाने कसं आलं, हे एकालाही विचारावंसं वाटू नये? 2011 मध्ये चोराला बारा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. तुरुंग त्याने पाहिलाच नाही.

'आजोबांच्या पेटीत सापडलं' हे अशा वेळचं ठरलेलं उत्तर. भारतातून पिसांच्या निर्यातीवर 1902 मध्येच बंदी आली. ब्रिटनने आयात रोखणारा कायदा 1921 मध्ये केला. आजोबांची पेटी खरी असेल, तर तिची पावती, पत्र, जुनं लेबल यातलं काहीतरी असेल. ते दाखवा आणि खुशाल वाटा. काहीच नसेल तर मित्राच्या हातात पिसाबरोबर संशयही जातो. ही कसली भेट?

आपणही यातून सुटलेलो नाही. अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, 'मामा, येताना चार मोरपिसं आण, फ्लायला लागतात.' झडलेलं मोरपीस वहीत ठेवलंत तर कुणी काही म्हणणार नाही. बॅगेत घालून देशाबाहेर नेलंत तर ती बेकायदा निर्यात. आणि तिकडे तर अंगणात पडलेलं रानपक्ष्याचं पीस उचलणंही बहुतेक वेळा गुन्हा आहे, कायदा 1918 चा. मामाने नाही म्हणावं. भाच्याला तिकडेच पाळीव मोराचं पीस दुकानात मिळतं.

रानकोंबड्याचंही तेच. त्याच्या मानेवरच्या मेणचट, चमकत्या ठिपक्यांवर हा छंद शतकभराहून जास्त काळ फिदा आहे. ब्रिटनमध्ये लोकांनी तो पिसांसाठी पाळला, वाढवला. ज्याला खरंच हवंय, त्याला सरळ वाट आहे. मग आपल्या जंगलातल्या पक्ष्यावर डोळा कशाला?

तुकानच्या जागी रंगवलेलं कोंबडपीस बांधणारे कसबी लोक आहेत. त्यांची फ्लाय हातभर अंतरावरून ओळखता येत नाही. तरी काही मंडळी नाक मुरडतात: 'अस्सल नाही.' अस्सल म्हणजे काय? 1895 मध्ये जॉर्ज केल्सनने पुस्तकात सांगितलं तसंच्या तसं? केल्सनच्या काळात या पिसांची आयात खुली होती. आज नाही. नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या खणातल्या पिसांचा हिशेब द्यावा.

पीस देणाऱ्याने सोबत चार ओळी लिहून द्याव्यात: पक्षी कुठला, पाळीव की जुन्या साठ्यातला, कुणाकडून आला. घेणाऱ्याने त्या मागाव्यात, मिळाल्या नाहीत तर पीस परत करावं. यात मैत्री तुटत असेल तर खुशाल तुटू दे.

आणि ज्यांच्या खणात ट्रिंगचे तुकडे आहेत, त्यांना ते तिथलेच आहेत हे एव्हाना कळलेलं आहे. त्यांनी ते परत पाठवावेत. चिठ्ठी नसली तरी पाठवावेत, नाव न घालता पाठवावेत. निदान पुन्हा विकले तरी जाणार नाहीत.