अम्ब्रिज मॅडम, एकदा तपासणीला या!

प्रति,
मा. डोलोरेस अम्ब्रिज मॅडम,
माजी मुख्य तपासनीस, हॉगवर्ट्स जादूविद्यालय.

विषय : हॅरी पॉटरच्या पाचव्या भागावरून वाचकांत पडलेल्या दोन तटांचा कायमचा बंदोबस्त करणेबाबत.
संदर्भ : आपलेच शैक्षणिक फर्मान क्र. २३.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ हा मालिकेचा पाचवा भाग २१ जून २००३ रोजी प्रसिद्ध झाला, पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत त्याच्या ५० लाख प्रती खपल्या, आणि तेव्हापासून आजतागायत वाचकांचं त्याच्यावर एकमत झालेलं नाही. एक तट म्हणतो, सातांतला हा सगळ्यांत रटाळ भाग. पहिलं पुस्तक २२३ पानांत आटोपलं होतं, इथे ब्रिटिश आवृत्तीची ७६६ पानं उलटावी लागतात. हॅरी उठल्यासुटल्या सगळ्यांवर खेकसतो. जादू चिमूटभर आणि कटकट पोतंभर. दुसरा तट म्हणतो, मालिका वयात आली ती इथेच. दोन दशकं उलटली तरी वाद मिटत नाही, म्हणजे हा आता शिस्तीचा प्रश्न झाला. आणि शिस्तीचा प्रश्न म्हटला की आपल्याखेरीज दुसरं नाव सुचत नाही. तरी आपण एखादं नवं फर्मान काढून वाचकांचं एकमत करून टाकावं, ही विनंती.

तपासणीची सुरुवात शिरूर आणि दौंड तालुक्यांपासून व्हावी, असं सुचवतो. साहेब लोकांचं आमच्याकडे वावडं नाही. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचं घोडनदी, ही एके काळी कंपनी सरकारच्या फौजेची छावणी. तिथला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारला, तर लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं आणि त्याच्या थडग्याला हात जोडू लागले. गोरा, परका, त्यातून लष्करी, तरीही. तेव्हा गुलाबी स्वेटर, केसांतला बो आणि भिंतीवरच्या मांजरीच्या पिल्लांच्या बशा एवढ्यावरून आपल्याला कोणी परकं मानणार नाही. फक्त कोणत्या साहेबाला हात जोडायचे आणि कोणत्या साहेबाची जीप वळणाआड गेली की थुंकायचं, हे इथे हुद्द्यावरून ठरत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.

दौंडची निवड मात्र नुसत्या आदरातिथ्यासाठी केलेली नाही. पुण्याहून नगर-मनमाडकडे निघालेली गाडी दौंड जंक्शनात आली की तिचं इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून मागे जायचं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं. पुण्यापासून पुढे तोंड करून बसलेला प्रवासी तिथून पुढे पाठमोरा जायचा. या खटाटोपाला वेळ लागायचा, डबा तापायचा, आणि गाडी हलली की एखादा नवखा हमखास दचकायचा, की ही परत पुण्यालाच निघाली की काय! पाचवा भाग हे या मालिकेचं दौंड आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याआधी गाडी एका इंजिनावर चालली होती: शाळा हे सुखाचं ठिकाण, संकट बाहेरून यायचं, आणि अगदीच गळ्याशी आलं की मुख्याध्यापक डंबलडोर होतेच. पाचव्यात इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. मोठी माणसं गोष्टी लपवतात, वर्तमानपत्र खोटं छापतं, मंत्रालय म्हणतं काही घडलंच नाही, आणि संकट चक्क शाळेच्या हजेरीपटावर सही करून आत येतं. गाडी थांबली अशी तक्रार करणारा वाचक खोटं बोलत नाही. ती खरंच थांबली आहे. पण का थांबली, हे खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने पाहिलेलं नसतं.

आता हॅरीच्या त्या बहुचर्चित चिडचिडीचा पुरावा तपासू. पुस्तक उघडतं तेव्हा तो मावशीच्या खिडकीखाली फुलांच्या वाफ्यात उताणा पडून टीव्हीच्या बातम्या चोरून ऐकतो आहे. महिनाभरापूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत शाळेतलाच सेड्रिक मेला. त्याविषयी कोणी त्याच्याशी बोललेलं नाही. मित्रांच्या पत्रांत अक्षरं आहेत, मजकूर नाही. डंबलडोर वर्षभर त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. आणि यातच त्याचं परीक्षेचं वर्ष. हॉगवर्ट्सच्या पाचव्या वर्षाची ती मोठी परीक्षा म्हणजे आपली दहावीच: तेच वय, तोच पुढचा मार्ग ठरवणारा निकाल, आणि करिअरविषयी सल्ला द्यायला टपलेली तीच सगळी मंडळी. आमच्याकडच्या घरांत या वयाच्या मुलाला सकाळी ‘एवढा घोडा झालास, कळत नाही?’ असं विचारतात आणि संध्याकाळी त्याने जमिनीच्या वाटणीविषयी काही विचारलं तर ‘लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस’ म्हणून गप्प बसवतात. एकाच दिवसात घोडा आणि लहान तोंड अशी दोन्ही पदं मिळालेला मुलगा खेकसणार नाही तर काय आरती म्हणेल? जाता जाता एक. इंग्रजी पुस्तकात हॅरी ओरडला की सगळी अक्षरं कॅपिटल होतात. देवनागरीत ती सोयच नाही. आपला ‘क’ कुजबुजीतही तेवढाच आणि बोंब ठोकतानाही तेवढाच. पहिल्या भागाला मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं नाव सहज मिळालं, कारण परीस आपल्या घरचाच. राग मात्र अक्षराच्या उंचीवर भागत नाही, त्याला वाक्यातच जागा करावी लागते, आणि मग वाचकाला कारणही शोधावं लागतं.

यावर आक्षेप येतो, आणि तो मला वजनदार वाटतो: राग खरा असेल, पण पोरांच्या अद्भुतकथेत तो कशाला? रोजचा ताप विसरायला मूल पुस्तक उघडतं, त्यात पुन्हा दहावी? मराठी वाचकाच्या तोंडी हा आक्षेप जरा जास्तच शोभतो, कारण आपली बालपणीची पुस्तकं वयाच्या बाबतीत भलती दयाळू होती. हडपसरच्या पलीकडच्या फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, वीस पुस्तकं सायकल दामटत राहिला, पण त्याला मिसरूड फुटली नाही. शेवटी २०१७ च्या चित्रपटाने त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयापर्यंत आणलं, तर कित्येकांना घरच्या मुलाचं परस्पर लग्न लागल्यासारखं वाटलं. ‘चांदोबा’तल्या विक्रमाचं तर विचारूच नका. दर महिन्याला प्रेत खांद्यावर, दर महिन्याला कोडं, दर महिन्याला राजाचं मौन सुटायचं आणि वेताळ परत झाडावर. ही रीत वाईट नव्हती. तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचायला बसवलं. पण ज्याला नायक दर अंकात झाडापाशी परत हवा असतो, त्याला हॅरीचं वाढणं हा करारभंग वाटतो, आणि त्याचा राग हॅरीच्या रागावर निघतो. रोलिंगबाईंनी करारच वेगळा केला होता: दर पुस्तकाला एक इयत्ता. अकराव्या वर्षी मिठाईची गाडी पाहून हरखणारा मुलगा पंधराव्या वर्षीही तसाच हरखला असता, तर तीच खरी फसवणूक ठरली असती. त्यातून चौथा भाग आला २००० साली आणि पाचवा २००३ मध्ये. या तीन वर्षांत वाचणारी मुलंही तीन वर्षांनी वाढली. काही पुस्तकाच्या पुढे गेली, काही मागे राहिली. दोन तट तिथेच पडले.

आता आपल्याविषयी. मॅडम, या पुस्तकाचं यश आपल्या नावावर जमा आहे. स्टीफन किंगने २००३ मध्येच आपल्याला हॅनिबल लेक्टरनंतरचं सर्वोत्तम काल्पनिक खलपात्र म्हटलं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मालिकेचा मूळ खलनायक व्होल्डेमॉर्ट कोणाच्या गावात येऊन गेलेला नाही. आपण आलेल्या आहात. शाळा तपासायला ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी साहेब, येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंती झाडून, हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवून वर्गाचं नाटक बसवायची रीत या भागात नवी नाही. हातात फायली घेऊन, बारीकसं खाकरून आपण वर्गात शिरता तेव्हा आमचा वाचक मनातल्या मनात ताठ बसतो. फर्मान क्र. २४ ने आपण मुलांच्या मंडळांवर बंदी घातली, २७ ने एक मासिक बाळगणंही गुन्हा केलं. मुलांमधूनच निवडलेलं आपलं पथक पाहून तर आमच्याकडच्या कॉपीवाल्यांना परीक्षेतलं भरारी पथक आठवेल. आपल्याकडे झाडू असल्याने भरारी शब्दशः खरी. आणि काळ्या जादूपासून बचावाच्या तासाला मुलांच्या कांड्या दप्तरात ठेवायला लावून नुसतं पुस्तक वाचून घेणं, हे तर आमच्या ओळखीचंच: प्रयोगवही पूर्ण, आकृत्यांना पेन्सिलीने छायाही दिलेली, आणि परीक्षानळीला कोणी हात लावलेला नाही. म्हणूनच मुलं गुपचूप एका खोलीत जमून हाताने जादू शिकतात तेव्हा शिरूर तालुक्यातल्या वाचकाला ती खोली कल्पनेतली वाटायचं कारण नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो याच हट्टापायी, की शाळेने नापास ठरवलेलं पोरगंही करता करता शिकतं. वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती तपासणं, सगळं हाताने. फरक इतकाच की पाबळला खोलीचं दार दिवसाढवळ्या उघडं असतं. ‘लांबण लागलं’ म्हणून वाचकाला जी पानं वगळावीशी वाटतात, त्यातली बरीचशी आपल्या फर्मानांची आहेत. एका फर्मानाने कोणी गुदमरत नाही, एकापाठोपाठ सात-आठ आली की गुदमरतं. ते गुदमरणं शंभर पानांत कसं बसवणार?

सगळंच पुस्तक मात्र मी आपल्या खात्यावर टाकत नाही. हॅग्रिडचा राक्षस भाऊ ग्रॉप याच्यावर खर्ची पडलेली पानं निम्मी केली असती तर कोणाचं काही अडलं नसतं, हे पहिल्या तटाला मी बिनशर्त देऊन टाकतो. पुस्तक निघाल्यावर महिन्याभरातच ए. एस. बायट यांनी लिहिलं की, हे जग ठिकठिकाणच्या जुन्या चिंध्या जोडून शिवलेलं आहे. असेल. वसतिगृहाच्या शाळेची गोष्ट हा इंग्रजीतला जुनाच माल. पण त्या जुन्या गोष्टींत शाळा शेवटी न्याय करते; पाचव्या भागात शाळाच अन्यायाचं ठिकाण होते आणि वीज्ली जुळे आतषबाजी करून, परीक्षेला रामराम ठोकून निघून जातात. चिंधी तीच, पण इथे ती उलट्या अंगाने शिवली आहे. आणि हॅरीचा धर्मपिता सिरियस याने एकमेकांशी बोलण्यासाठी दिलेल्या आरशाचं काय? तो आरसा वेळेवर उघडला असता तर सिरियस वाचला असता, हॅरी तो पेटीच्या तळाशी विसरतो, आणि वाचक याला कथानकातलं भोक म्हणतात. मला ते भोक वाटत नाही. ज्याला वर्षभर कोणी काही सांगितलं नाही, त्याची विचारायची सवयही मोडते. मोठ्यांच्या मौनाची किंमत त्या न उघडलेल्या पुडक्यात बांधून ठेवली आहे.

शेवटचा युक्तिवाद चित्रपटवाल्यांचा: सगळ्यांत जाड पुस्तक २००७ च्या चित्रपटाने १३८ मिनिटांत बसवलं, तोवरच्या पाचांतला तो सगळ्यांत आखूड, मग बाकीचा पाला नव्हता का? याचंही उत्तर दौंडातच मिळतं. आता तिथे कॉर्ड लाइन झाली आहे. मनमाडकडच्या बऱ्याच गाड्या इंजिन न फिरवता गावाबाहेरूनच वळतात, वेळ वाचतो, आणि त्याबद्दल रेल्वेचे आभार मानायला हवेत. चित्रपटात आपली फर्मानं भिंतीवर खिळे ठोकून एकामागून एक चढतात, प्रेक्षक हसतो आणि गाडी पुढे जाते. चित्रपट वेळेवर पोचला यात शंका नाही. दौंड मात्र त्याला लागलंच नाही.

तरी तपासणीस येताना आपण कृपया कॉर्ड लाइनवर न उतरता जुन्या जंक्शनावर उतरावं. शिरूरला रेल्वे नाही, पुढे एस.टी. आहे. वाटेत उसाच्या फडाजवळ उतरू नये, बिबट्या असतो. जंगलातल्या जनावरांशी बोलण्याचा आपला अनुभव फारसा चांगला नाही, हे आम्ही वाचलं आहे.

आपला नम्र,
शिरूर-दौंडकडचा एक वाचक

ता. क. मुलांकडून शिक्षा म्हणून लिहून घ्यायची ती आपली खास, त्यांच्याच रक्ताने लिहिणारी लेखणी घरीच ठेवावी. शाई इथे मिळते.