विहीणबाईंचा इम्पोर्टेड झुला

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींकडे बारशाच्या आदल्या दिवशी काय झालं ते? जरा इकडे या, कुंपणाजवळ. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडीच आहे, म्हणून हळू बोलते.

तर ठाण्याच्या विहीणबाई आल्या. डिकीतून आधी डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला, मग बाळंतविडा, आणि सगळ्यात शेवटी एक भलामोठा खोका. त्यावर विमान कंपनीची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली! मुद्दाम ठेवलेली हो, मी काय ओळखत नाही होय? लेक त्यांची न्यू जर्सीला, एडिसनला असते. तिच्या मुलाचा हा झोपायचा झुला. तो आता शाळेत जातो, म्हणून मामाच्या बाळाला पाठवलेला. घडी घालून कुठेही न्या, आत मऊ मऊ गुबगुबीत, बाळ त्यात मागे रेलून बसल्यासारखं झोपतं आणि बोट लावलं की डुलतं. विहीणबाईंनी हॉलच्या मधोमध उघडून ठेवला नि म्हणाल्या, "आमच्या लेकीने डॉलर मोजलेत याला."

आणि तेवढ्यात बाळंतीण, वहिनींची लेक, आली बाहेर. कानाला रुमाल, अंगावर शाल, चेहरा जागरणाने एवढासा. झुल्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो आई, यात बाळाला झोपवायचं नाही."

नाही म्हणजे नाहीच! वहिनी सांगत होत्या, हॉलमधला पंखासुद्धा ऐकू येत होता म्हणे.

"हे मॉडेल तिकडे २०१९ सालीच परत मागवलंय," ती म्हणाली. अहो ते नव्हतं का झालं, ती खेळण्यांची बडी कंपनी… नाव कशाला घ्यायचं सकाळी सकाळी. एप्रिलमध्ये ४७ लाख झुले रिकॉल केले त्यांनी. दहा वर्षं धडाक्यात विकले आणि त्यात झोपलेली ३० हून जास्त बाळं दगावल्याचं बाहेर आलं, तेव्हा कुठे जाग आली. बरं, लोकांनी तरी लगेच टाकून दिले म्हणता? छे! कुणी माळ्यावर ठेवले, कुणी भावजयीकडे पाठवले. २०२३ च्या जानेवारीत तिकडच्या सरकारला पुन्हा दवंडी पिटावी लागली, तोवर तो आकडा शंभराच्या घरात गेलेला. त्यातली काही बाळं तर पहिल्या रिकॉलनंतर गेलेली. म्हणजे असाच कुठून तरी प्रेमाने आलेला खोका असणार, नाही का?

विहीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण माघार घेतील तर त्या विहीणबाई कसल्या! "माझा नातू झोपलाच ना यात? चांगला धडधाकट आहे."

जावई बिचारा मधल्या मध्ये. एकीकडे आई, एकीकडे बायको. तो काही बोलला नाही. उठला, मोबाइल काढला, ते लेव्हल बघायचं ॲप असतं ना, ते लावून फोन झुल्याच्या पाठीवर ठेवला. तीस अंश! म्हणाला, "आई, दहाच्या वर नको म्हणतात." अमेरिकेच्या सरकारने अर्कान्सासच्या विद्यापीठातल्या बाईंकडून त्याचा अभ्यास करून घेतला होता. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान लुळी. असं रेलून झोपवलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची नळीच मुडपते. शिवाय उतारावर ते कुशीला लवकर वळतं, तोंड त्या गुबगुबीत कापडात जातं, आणि परत फिरायची ताकद नसते. रडूही येत नाही हो. गुपचूप. २०२२ ला तर तिकडे कायदाच झाला, दहा अंशांहून जास्त उताराचं बाळाच्या झोपेचं काहीही विकायचंच नाही.

तर काय सांगत होते… हां, झुला. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला नको तर कामवालीच्या सुनेला देऊ, तिलाही दिवस गेलेत." यावर मात्र आपली बाळंतीण तडकली. "आपल्या बाळाला नको ते तिच्या बाळाला चालतं का?" अगदी योग्य बोलली, मी असते तर पाठ थोपटली असती. मग जावयाने कात्री घेतली आणि पट्टे, कापड, सगळं कचाकच कापून टाकलं, पुन्हा कुणी वापरायलाच नको. डॉलरच्या कापडावर कात्री चालताना विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या म्हणे. सांगाड्याचे पाइप वहिनींनी तोंडल्याच्या वेलाला लावलेत. ते बघा, इथूनच दिसतायत. वहिनी काही वाया घालवायच्या नाहीत.

बारसं झालं पाळण्यातच, वहिनींच्या माहेरचा सागवानी आहे ना, त्यात. मिरजेच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या जेवायला. त्या म्हणाल्या, "नाव ठेवायला पाळणा खुशाल घ्या, चार बायका भोवती आहेत. रात्री सगळे झोपतात तेव्हाचं बोला." रात्री बाळ आईच्याच खोलीत हवं, निदान पहिले सहा महिने, पण आईच्या गादीवर नको. हाताच्या अंतरावर, स्वतःच्या सपाट, कडक गादीवर. विहीणबाई लगेच, "आमची चारही झोळीत वाढली, काही झालं का?" डॉक्टरीणबाई जिलबी मोडता मोडता म्हणाल्या, "ज्यांच्याकडे झालं, त्या बारशाला येऊन सांगत नाहीत." अहो, पंगतीत सगळ्यांचे घास हातातच राहिले!

आणि मग थोरल्या आजींनी काढलंच, बाळाला उताणं झोपवू नका, ओकारी आली तर घशात अडकेल. आपल्या सगळ्यांना हेच शिकवलंय की! तर डॉक्टरीणबाईंनी हातवारे करून दाखवलं. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध खालच्या नळीतच परत जातं. पालथं झोपवलं की उलट होतं. तिकडे १९९२ पासून बाळांना पालथं झोपवू नका म्हणून सांगायला लागले, १९९४ ला पाठीवर झोपवा म्हणून मोठी मोहीम काढली, आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आजी ऐकून घेतात सगळं. पण मोहरीची उशी काही सोडायला तयार नव्हत्या. "डोकं गोल कसं होणार मग?" आता ती उशी आजींच्याच मानेखाली आहे. त्यांना बरं वाटतं म्हणे!

खरी गंमत तर पुढेच आहे. पलंगाशेजारी लावायचा घडीचा क्रिब आणायचं ठरलं. गणपती पेठेतल्या दुकानात गेले सगळे. दुकानदार म्हणतो, साहेब, सोबत आठ पीसचा सेट फ्री! उशी, दोन लोड, कडेने बांधायचे फुगीर पट्टे, रजई, सशाचं खेळणं… आणि वर जाड गादी वेगळी, पाचशेत. वहिनींची लेक म्हणाली, "सेट नको, त्याचे पैसे कमी करा." दुकानदाराचा चेहरा काय झाला असेल हो! फुकटचं नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसेल जन्मात. पण त्या फुगीर पट्ट्यांवरही तिकडे त्याच २०२२ च्या कायद्याने बंदी आलीये. तोंड त्यात रुतलं की संपलं. आणि वरची जाड गादी तर मुळीच घ्यायची नाही. क्रिबबरोबर जी पातळ, कडक येते तीच ठेवायची. दुसरी घातली की कडेला फट पडते, कठडाही कमी उंचीचा होतो. विहीणबाई कुरकुरल्या, "दगडावर झोपवणार का पोराला?" लेकीने गादीवर तळवा दाबून उचलला. खळगा राहिला नाही. "अशीच हवी," म्हणाली.

जावयाने काय काय बघितलं ऐका. घडी उघडली की प्रत्येक सांधा टक्क करून बसतो का, चाकांना लॉक आहे का, बाजूला श्वास जाईल अशी जाळी आहे का, हलवल्यावर डुगडुगतो का. लाकडी गजांचाही एक होता तिथे, दिसायला देखणा. दोन गजांत सहा सेंटीमीटरच्या वर अंतर नको असतं, तर याने खिशातून टेप काढली! दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही सिव्हिल इंजिनिअर का?" आणि आहेच की तो!

शेवटी जाळीचा घेतला. आठ हजारांच्या आसपास. विहीणबाईंनीच दिले पैसे बरं का, हे वहिनी सांगत नाहीत कुणाला, पण मला कळलं.

घरी आणला आणि फजिती! लेकीच्या खोलीत तो नवा बॉक्स पलंग आहे ना, हायड्रॉलिकवाला, वहिनींनी सगळ्यांना दाखवला होता तो. क्रिबचे पाय पलंगाच्या खाली सरकवायचे असतात, तरच तो गादीला चिकटतो. बॉक्स पलंगाला खाली जागाच नाही! त्यात कडेची फळी दोन इंच पुढे आलेली. मध्ये ही एवढी फट. वहिनी म्हणाल्या, "त्यात उशी खोचू या की." लेक एकदम ओरडली, "आई, नाही!" कारण तीच तर धोक्याची जागा. अर्ध्या इंचाच्या वर फट चालतच नाही, बाळ सरकून त्यात अडकतं. आणि ती फट उशी-टॉवेलने बुजवायची पण नाही. पट्टा येतो सोबत, तो पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन क्रिब घट्ट आवळायचा.

मग काय, थोरल्या आजींच्या खोलीतला जुना शिसवी पलंग आठवला. खालून मोकळा, पाय सरळ. आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "पंचावन्न वर्षं झोपतेय मी त्यावर." पण पणतू म्हटल्यावर… गेल्या बॉक्स पलंगावर. आता रात्री चुकून हायड्रॉलिक वर होईल म्हणून घाबरतात, आणि वहिनी म्हणतात, अहो सासूबाई, तुम्ही त्यावर आहात तोवर नाही होणार. मला हसू आवरेना.

शिसवी पलंगावर कापसाची गादी. तीसुद्धा पाच वर्षं पिंजलेली नाही, मधे खळगा आणि कडेला चढ. जावयाने बायकोला गादीवर बसवलं आणि मग उंची मोजली. ते हुशारीचं केलं. क्रिबची जी बाजू आपल्याकडे खाली करतो, तिची वरची कड आपल्या गादीच्या वर येता कामा नये, नाहीतर बाळाची मान त्यावर पडायची. आणि बाळाची गादी त्या कडेच्या चांगली खाली हवी. युरोपातल्या नियमात १२ सेंटीमीटरचा कठडा धरलाय. म्हणजे बाळ लोळत आपल्या गादीवर येणार नाही आणि आपण झोपेत तिकडे जाणार नाही. शेवटी नवी कडक गादी करून आणली. म्हणजे बघा, आठ हजारांच्या क्रिबपायी गादी नवी, खोल्यांची अदलाबदल, आणि वहिनींचा मिरवायचा पलंग आजींकडे!

मला विचाराल तर क्रिब कुठलाही चालतो हो. रिकामा ठेवणं कठीण. येणारी प्रत्येक बाई हातात काहीतरी घेऊनच येते ना! समोरच्या मावशींनी दहा तुकड्यांची गोधडी आणली, स्वतः शिवलेली. बाळंतिणीने कौतुक केलं, घडी घालून कपाटात ठेवली. मावशींनी दोनदा विचारलं, "घातली नाही?" मग लेकीने ती जमिनीवर अंथरून दिवसा बाळाला त्यावर पालथं घातलं, जागं असताना, स्वतः पुढ्यात बसून. मावशी खूश. वेखंडाची माळ नि काळा दोरा मात्र गळ्यातून काढून ठेवला झोपताना, त्यावर आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. मच्छरदाणी हवीच हो आपल्याकडे, डासांचं काही विचारू नका. पण ती बाहेरून ताणून बसवलीये, आत लोंबती ठेवली नाही.

आणि हो, तो क्रिब फार दिवसांचा नाही. बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं, कडेला धरायला लागलं की बंद, मग मोठी कॉट. पाच-सहा महिने, फार तर. तेवढ्यात दोन उमेदवार नंबर लावून बसलेत! वहिनींची भाची, आणि कामवालीची सून. लेकीने सुनेला कबूल केलाय, सगळे स्क्रू नि पट्ट्यासकट. भाचीला अजून कुणी सांगितलेलं नाही. दिवाळीला येतेय ती. मी तर त्या दिवशी इथेच उभी राहणार आहे, जास्वंदी तोडायच्या निमित्ताने.

अहो, आणि मुख्य राहिलंच! विहीणबाईंची न्यू जर्सीची लेक पुन्हा गरोदर आहे. विहीणबाई मे महिन्यात निघाल्यात सहा महिन्यांसाठी. परवा वहिनींना ऐकू आलं, फोनवर लेकीला दटावत होत्या, "जुनं-बिनं काही कुणाकडून घेऊ नकोस. फुगीर काही नको, उशी नको. आणि तुमच्या पलंगाला खाली जागा आहे का ते आधी बघ. टेप मी इथूनच आणते, तुमच्याकडे इंचातच असतं सगळं."