भाऊसाहेब, ब्रूनो आणि ते लांडगे

अहो, जरा इकडे या, जास्वंदीच्या या बाजूला... तिथून थेट त्यांच्या किचनमध्ये ऐकू जातं. ऐकलंत का भाऊसाहेबांचं? म्हणजे कुर्त्याची बाही फाटली ते तुमच्या कानावर आलंच असणार. पण का फाटली ते?

ब्रूनो आणल्यापासून यांच्या डोक्यात एकच, घरात लीडर कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे. बँकेतून रिटायर झाले, आता हाताखाली कोण उरलंय, सांगा! मग मोबाइलवर त्या ट्रेनर लोकांचे व्हिडिओ, आणि घरात नियम. दारातून आधी भाऊसाहेब, मागून ब्रूनो. आधी यांचं जेवण, मग त्याचं. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही जेवणार साडेनऊला, तोवर त्या लेकराने काय करायचं?" तर म्हणे, "अल्फा आधी खातो." अल्फा कोण, तर हेच! वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं ना...

तर काय सांगत होते, बाही. रविवारी ब्रूनो सोफ्यावरून उतरेना. यांनी काय करावं? धरून उताणा पाडला आणि वरून दाबून बसले. आठ महिन्यांचं लॅब हो ते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आधी गुरगुरला. यांना वाटलं, शरण येतोय. मग टर्रकन बाही!

आणि नेमकी त्याच वेळी भाची दारात. ती हो, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातली. "मामा, हे कुठे शिकलात?" यांनी ऐटीत लांडगे काढले. कळपात एक दादा असतो, बाकीचे त्याला वचकून असतात, वगैरे. पोरगी शांतपणे विचारते कशी, "कुठले लांडगे, मामा? बासलच्या प्राणिसंग्रहालयातले?"

कळपातल्या दादाची ही गोष्ट शेंकेल नावाच्या संशोधकांनी १९४७ मध्ये लिहिली, ती तिथले कोंडलेले लांडगे बघून. एवढ्याशा आवारात डांबल्यावर भांडणार नाहीत तर काय! आपली सोसायटीची मीटिंग आठवा. आणि ज्यांनी १९७० च्या पुस्तकातून ते अल्फा प्रकरण गावभर केलं, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे एल्समेअर बेटावर कितीतरी उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमागे काढले. १९९९ मध्ये लिहूनच टाकलं, कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पोर मोठं झालं की वेगळं बिऱ्हाड थाटतं. दादा नाही, काही नाही! आपलंच पुस्तक आता छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले हो बिचारे.

भाऊसाहेबांचा चेहरा बघायला हवा होतात. तरी म्हणतात, "पण धाक नको का?" पोरगी सोडते होय! म्हणाली, "पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २००९ मध्ये कुत्र्यांच्या मालकांनाच विचारलं होतं. असं उताणं दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर कुत्रं उलटलं. तुमचं बाहीवर निभावलं." हे गप्प. फाटकी बाही दुमडत बसले.

पण खरी मजा पुढेच. भाची म्हणाली, "शिस्त हवीच, मामा. पण मामी काय करते ते बघा ना." अहो, वहिनी वाटी हातात धरून नुसत्या उभ्या राहतात. तो बसला की वाटी खाली. अंगावर उडी मारली की पाठ फिरवतात, ढुंकूनही बघत नाहीत. चारही पाय जमिनीला लागले की मग लाड. रोज तस्संच. ना ओरडणं, ना व्हिडिओ! आणि ब्रूनो त्यांच्या मागे मागे...

आता भाऊसाहेबसुद्धा खिशात पनीरचे तुकडे ठेवतात. परवा पँट तशीच मशीनमध्ये गेली, त्यावरून जे झालं ते मी सांगायला नको, तुमच्यापर्यंत आवाज आलाच असेल.

आणि काल संध्याकाळी बागेत काय चाललं होतं माहितेय? कुणातरी गृहस्थांना भाऊसाहेब ऐकवतायत, "अल्फाबिल्फा सगळं जुनं झालं हो, मी लांडग्यांवरचं सगळं वाचून काढलंय." जणू एल्समेअरला तंबू ठोकून हेच बसले होते! वहिनी शेजारीच उभ्या. मला वाटलं, आता बोलणार. तर त्या गोड हसून म्हणतात, "हो ना, यांचा अभ्यासच आहे तेवढा." आणि हे इतके खूश, की घरी जाताना भाजीची पिशवीसुद्धा यांनीच उचलली!