बॉनेटचा जाणता

रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीचं बॉनेट वर गेलं की चार-पाच मिनिटांत तो हजर होतो. कुठून उगवतो ते मला आजवर कळलेलं नाही. मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुलैच्या पावसात, अर्धा तास चिटपाखरू दिसलं नव्हतं, तिथेसुद्धा तो आला. आधी दोन म्हशी आल्या. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. मग तो आला.

पूर्वी गावोगाव एक जाणता असायचा. गाय पान्हा चोरायला लागली, पोराचा ताप उतरेना, की त्याच्यापुढे जाऊन बसायचं. तो तांदळाचे चार दाणे टाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, 'बाहेरचं आहे.' मुळशीत आता गुंठे विकून गोठ्याच्या जागी गाड्या आल्या, पण जाणत्याचं काम काही सुटलं नाही. तांदूळ टाकायच्या ऐवजी तो बॉनेटच्या कडेला दोन्ही तळवे टेकतो, आत एक खोल नजर टाकतो आणि म्हणतो, "बॅटरी."

पौड रस्त्यावर या मंडळींनी हद्दी वाटून घेतल्या असाव्यात. पिरंगुटच्या घाटात भेटतो तो रेडिएटरचा. 'पाणी पाजलंत का?' हे म्हशीबद्दल विचारावं तसं विचारतो. ताम्हिणीच्या उतारावरचा ब्रेकचा. तो गाडी थांबायच्या आधी नुसत्या वासावरून लायनर गेल्याचं सांगतो. धरणाच्या काठचे सगळे इलेक्ट्रिकचे. आणि ते रास्तच म्हणायचं. समोर मैलोन्‌मैल वीजच साठवून ठेवली आहे. हे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि १९२७ सालापासून त्यावर मुंबईचे दिवे लागताहेत. मला हवे होते फक्त बारा व्होल्ट.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे दिवाळीसारखे लागत. आतून एकदाच 'टक्' असा आवाज येई. पुढे शांतता.

आमचा जाणता पन्नाशीचा. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. मोटारसायकल बरीच वर, उताराच्या तोंडाशी लावून तो पावसात चालत आला होता. माझ्या गाडीचं तोंड चढाकडे पाहून त्याला मनापासून वाईट वाटलं.

"गाडी कधी बी उताराला तोंड करून लावावी, साहेब. वेळ काय सांगून येती व्हय?"

मग चौकशी सुरू झाली. गाडी कितीला पडली, ॲव्हरेज काय देते, लोनवर का रोख, इकडे जमीन बघायला आलात का. गाडीला नेमकं काय होतंय, हे सोडून सगळं विचारून झालं. त्याची त्याला गरजच नव्हती, कारण निदान वरूनच घेऊन आला होता.

"हॉर्न मारा."

हॉर्न दणदणीत वाजला. दुसरा कोणी असता तर बॅटरीचा मुद्दा मागे घेतला असता. हा म्हणाला, "हॉर्नचं काय घेऊन बसलात? हॉर्न म्हंजे पाव्हणा, चहावर भागतं. सेल्फला जेवण लागतं, पंगतीचं."

आता यात खोटं काय होतं? हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फ एका झटक्यात शंभर-दीडशे ओढतो. या माणसाशी वाद घालता येत नाही तो यामुळेच. त्याचं प्रत्येक वाक्य खरं असतं, फक्त ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीबद्दल असतं.

ती गाडी म्हणजे त्याच्या मेव्हण्याची वडापची जीप. पौड ते माले अशी ती म्हणे पंधरा वर्षं चालली आणि वाहनाला होऊ शकतात ते सगळे आजार तिला होऊन गेले. "मेव्हण्याच्या जीपला अस्संच झालं होतं," या वाक्याने तो प्रत्येक उपचाराला सुरुवात करी.

पहिल्यांदा टर्मिनल. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर हिरवट-पांढरी भुकटी फुलली होती. ती गरम पाण्याने धुतात, पण आमच्याकडे होता थर्मासमधला चहा. त्याने अर्धा टर्मिनलवर ओतला, अर्धा स्वतः घेतला आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. किल्ली फिरवली. टक्.

मग उंदीर. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरींवर दात घासतात, हे या पट्ट्यात शेंबडं पोरही सांगेल. त्यावर तंबाखूचं पान ठेवतात. जाणत्याने खिशातली पुडी काढली, चुना लावून नीट मळली, चिमूटभर इंजिनात टाकली आणि उरलेली दाढेखाली सारली. टक्.

मग सेल्फला दगडाने हळूच ठोकायचं. कार्बन ब्रश अडकले असतील तर हा उपाय खरोखर चालतो, म्हणून मीही विरोध केला नाही. दगड निवडण्यात दहा मिनिटं गेली. टक्. शेवटी तो मागच्या खिडकीशी गेला आणि अदबीने म्हणाला, "वहिनी, जरा खाली उतरता का? सेल्फवर लोड येतोय."

आमची ही उतरली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात शंभर-दीडशे अँपिअर सहज असतील.

मी पौडच्या एका वायरमनला फोन लावला. "बोलवा की," जाणता म्हणाला, "पण खर्च कशाला?" आणि वायरमन येईपर्यंत आमच्यासोबत कठड्यावर बसून राहिला. त्याचं शेतावरचं काम, भाताची लावणी, सगळं खोळंबलं असणार. पण बंद गाडी टाकून जाणं त्याच्याच्याने होईना.

पाऊस उघडला, समोरचं पाणी दिसायला लागलं. त्याने हात लांब केला. "त्या तिथं आमच्या आज्याचं शेत. आंबेमोहोर पिकायचा." टाटांच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले, हे मी शाळेत पाठ केलेलं. सन वगैरे त्याला ठाऊक नव्हतं. "जमीन आमची, पाणी आमचं, लाईट गेली मुंबईला," तो थुंकी टाकून म्हणाला. "फॉल्ट तिथंच हाय, साहेब. वायरच उलटी जोडली."

त्या दिवसातलं त्याचं हे एकच निदान, ज्यावर मेव्हण्याची जीप आली नाही.

वायरमन म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. स्कूटरवरून आलं, गळ्यात जंपर केबल हारासारखी घातलेली. बॉनेटकडे न जाता आधी मला विचारलं, "शेवटी गाडीला हात कुणी लावला?"

"दहा दिवसांपूर्वी एका गॅरेजात क्लच बदलला."

त्याने मान हलवली. "हेडलाइट लावा अन् सेल्फ मारा."

टक् झालं, पण दिवे तसूभरही मंदावले नाहीत. "बघा," जाणता मागून म्हणाला, "बॅटरी टकाटक हाय. मी म्हणत होतो." पोराने मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं आणि पुन्हा किल्ली मारायला सांगितली. काटा नव्हता, आकडे होते. ते सहाच्या पुढे गेले.

"इथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको," तो पुटपुटला. "करंट जातोय, परत यायला वाट नाही."

त्याने गळ्यातली काळी केबल काढली, एक चिमटा निगेटिव्हला, दुसरा थेट इंजिनाला लावला. किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, जणू सकाळपासून आमचीच वाट बघत होती. म्हशींनी मान वळवली. पोरगं फाटकं पोतं अंथरून खाली सरकलं. क्लच काढताना सोडलेली अर्थिंगची पट्टी परत लावली होती, पण बोल्ट हातानेच फिरवून सोडलेला. दहा दिवसांच्या पावसात तिथे गंज धरला होता. पॉलिश पेपर, पाना, चार मिनिटं. दोनशे रुपये घेऊन ते गेलंसुद्धा.

जाणता काही वेळ चालू इंजिनाकडे बघत राहिला. चेहरा जरा ओकाबोका. पाहुणे गेल्यावर ओसरी दिसते तसा.

"मेव्हण्याच्या जीपला पण," तो म्हणाला, "शेवटी अर्थिंगच निघालं होतं."

मी त्याला पैसे द्यायला गेलो तर रागावला. चहाला चला म्हटलं तर म्हणाला, लावणी राहिली आहे. वहिनींना 'बसा आता बिनधास्त' म्हणून सांगितलं, खोळ सारखी केली आणि उताराच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकलवर जाऊन बसला. सेल्फच्या बटणाला हात लावला नाही, किकला पाय लावला नाही. नुसतं गिअरमधून काढून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलली. गाडी आवाज न करता खाली घरंगळत गेली, वळणाशी त्याने गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा 'फट्' करून धूर निघाला, आणि तो दिसेनासा झाला.